सळई आणि सातबारा

जालन्याबाहेरच्या माणसाला जालना म्हटलं की काय आठवतं, हे मी गेली पुष्कळ वर्षं प्रवासात विचारत आलो आहे. आधीच्या पिढीतला शेतकरी 'महिको' म्हणायचा. पुढे बांधकामाच्या धंद्यातला कुणी भेटला की 'सळई' म्हणे. २०२३ च्या सप्टेंबरपासून उत्तर एकच येतं : अंतरवाली सराटी. बियाणं, लोखंड आणि उपोषण. तिन्ही गोष्टी एकाच जिल्ह्यातल्या आहेत, एका दिवसात एसटीनं तिन्हीकडे जाऊन संध्याकाळी घरी परतता येतं. पण या तिघींचा एकमेकींशी काय संबंध, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. विकासाचे अहवाल लिहिणारे अंतरवालीला जात नाहीत. आरक्षणावर लिहिणारे एमआयडीसीच्या गेटावर थांबत नाहीत. आणि कारखानदार दोन्हीकडे न बघता विजेच्या दराचं निवेदन घेऊन मुंबई गाठतात.

मला वाटतं, मराठवाड्याचं 'मागासलेपण' नावाचं जे जुनं गाऱ्हाणं आहे ते तपासायला जालना एमआयडीसीइतकी चांगली जागा दुसरी नाही. कारण इथं 'उद्योगच आले नाहीत' असं म्हणायची सोय नाही. उद्योग आले, वाढले, देशभर पोचले. तरीही जिल्ह्याच्या खेड्यातला पोरगा नोकरीसाठी सरकारकडेच बघतो आहे. हे का झालं, याची आजवर दिली गेलेली उत्तरं मला अपुरी वाटतात.

सुरुवात पेठेपासून करायला हवी. कारण जालना कारखान्यांच्या कितीतरी आधी व्यापाऱ्यांचं गाव होतं. 'जालना सोने का पालना' ही म्हण इथल्या पोराटोरांना पाठ असते. ती मराठीत नाही हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. ती बाजाराच्या भाषेत आहे. ही पेठ इतकी भरलेली होती की १६७९ च्या नोव्हेंबरात शिवछत्रपतींच्या अखेरच्या मोठ्या मोहिमेचं लक्ष्य तीच होती. पुढे १८०३ मध्ये याच परिसरात, आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला, वेलस्लीनं शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. नंतर इथं इंग्रजांची छावणी बसली. छावणी आली की सावकार येतो, कापडवाला येतो, धान्याचा ठेकेदार येतो. १९०० साली निजामाच्या राज्यातून मनमाडला जोडणारी रेल्वे सुरू झाली आणि कापसाच्या गाठी मुंबईच्या वाटेला लागल्या. जिनिंग-प्रेसिंग, तेलाच्या गिरण्या, अडत. मराठवाड्यात बाजार समितीच्या आवाराला 'मोंढा' म्हणतात. जालन्याच्या मोंढ्यात पैसा फिरायचा आणि तो फिरवणारी माणसं बहुतेक मारवाडी, गुजराती, जैन आणि काही मुसलमान घराण्यांतली होती. शेतकरी त्या मोंढ्यात बैलगाडी घेऊन यायचा, पट्टी घेऊन परत जायचा. हे नातं लक्षात ठेवायला हवं. पुढच्या शंभर वर्षांत माल बदलला, नातं फारसं बदललं नाही.

त्या नात्याला खरा अपवाद एकच, तो बियाण्याचा. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी, म्हणजेच महिको, काढली. हैदराबाद मुक्तिसंग्रामात भाग घेतलेला, मोंढ्याच्याच वातावरणात वाढलेला हा माणूस. त्याआधी दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेच्या 'पुसा सावनी' भेंडीचं बियाणं त्यांनी स्वतःच्या शेतात वाढवून विकलं होतं. वेळ अशी की संकरित ज्वारी आणि बाजरीचे पहिले सरकारी वाण नुकतेच बाहेर पडत होते आणि ते शेतकऱ्यापर्यंत पोचवणारी यंत्रणा सरकारकडे धड नव्हती. बारवाल्यांनी ती खासगीत उभारली. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, २००१ मध्ये पद्मभूषण. महिकोच्या पाठोपाठ जालन्यात बियाण्याच्या कंपन्यांची रांग लागली आणि हा जिल्हा बियाण्याची राजधानी म्हणून ओळखला जाऊ लागला.

पण बियाण्याच्या धंद्यात मला कंपन्यांपेक्षा त्यांचे 'प्लॉट' महत्त्वाचे वाटतात. बियाणं कारखान्यात होत नाही, ते शेतात होतं. कंपनीला मूळ बी द्यावं लागतं, नर-मादीच्या ओळी लावून घ्याव्या लागतात, आणि त्यासाठी शेकडो शेतकऱ्यांच्या बांधावर जावं लागतं. जाफराबाद, भोकरदन, शेजारचा बुलढाण्याचा देऊळगाव राजा, या पट्ट्यात आज हिरव्या शेडनेटच्या रांगा दिसतात. आत बाया बसून मिरचीच्या, टोमॅटोच्या कळ्या चिमट्यानं उघडतात, त्यातले पुंकेसर काढतात आणि मग दुसऱ्या झाडाचा पराग एकेका फुलाला लावतात. डोळे आणि बोटं दोन्ही शाबूत लागतात. दहा गुंठ्यांत चार माणसांच्या घराचं वर्ष निघू शकतं. निघू शकतं म्हणालो, निघतं म्हणालो नाही. शुद्धतेच्या चाचणीत माल नापास झाला की हंगाम वाया, आणि चाचणी कंपनीच्याच हातात. भाव कंपनीचा, मूळ बी कंपनीचं, जोखीम शेतकऱ्याची. तक्रारी आहेत, रास्त आहेत. तरीही या उद्योगाला खेड्यात जावंच लागतं. त्याचा कच्चा माल म्हणजे इथली माती, इथलं कोरडं हवामान आणि इथल्या बायांचे हात.

बीटी कापसाची कथा याच गावातून सुरू झाली. मोन्सॅन्टोशी भागीदारी करून महिकोनं आणलेल्या बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली. पाच-सहा वर्षांत राज्यातला बहुतेक कापूस बीटी झाला. फवारण्या कमी झाल्या, उत्पादन वाढलं, आणि मग २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं तोच कापूस आतून पोखरून टाकला. २०१० मध्ये जयराम रमेश यांनी बीटी वांग्याला स्थगिती दिली तेव्हा देशभर वाद पेटला होता. माझ्या ओळखीतला एक कापूसवाला तेव्हा म्हणाला होता, 'वांग्याचं जाऊ द्या, कापसाला भाव कोन देनार हाय?' वादाची बाजू कुठलीही असो, बियाण्याच्या गावातल्या शेतकऱ्याचा मूळ प्रश्न बियाण्याचा नव्हताच.

आता लोखंड. परका माणूस इथं येतो तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारतो, की जालन्यात लोखंड का? इथं खनिज नाही, कोळसा नाही, बंदर नाही. मीही बरीच वर्षं याचं उत्तर 'व्यापाऱ्यांची धमक' असंच द्यायचो. ते चूक नाही, पण अर्धं आहे. महाराष्ट्र सरकारनं १९६४ पासून मुंबई-पुण्याबाहेर जाणाऱ्या उद्योगांना सामूहिक प्रोत्साहन योजनेत सवलती दिल्या. जितकं मागास ठिकाण तितकी जास्त सवलत. मागासलेपण हे असं पहिल्यांदा कुणाच्या तरी फायद्याचं झालं. मोंढ्यात साठलेलं भांडवल, करातली सवलत, एमआयडीसीची स्वस्त जमीन आणि रेल्वे, या चार गोष्टी एकत्र आल्या आणि आधी रोलिंग मिल आल्या, मग भट्ट्या.

प्रक्रिया फार गुंतागुंतीची नाही. देशभरातून, परदेशातूनही, भंगार येतं. इंडक्शन भट्टीत ते वितळवायचं, त्याचा बिलेट ओतायचा, तो तापलेला बिलेट रोलिंग मिलच्या रुळांतून काढत काढत बारीक करायचा आणि बाहेर पडताना त्यावर पाण्याचा मारा करायचा. त्यानं सळईची बाहेरची कड कडक होते, गाभा लवचिक राहतो. हीच ती टीएमटी. भिंतींवर, एसटी स्टँडवर, क्रिकेटच्या सामन्याच्या मधल्या जाहिरातीत दिसणाऱ्या कितीतरी सळ्यांचं घर जालना एमआयडीसी आहे.

या सगळ्याचा खरा कच्चा माल भंगार नाही, वीज आहे. एक टन भंगार वितळवायला साधारण सहाशे युनिटच्या आसपास वीज जाते. म्हणजे युनिटमागे एक रुपया वाढला की टनामागे सहाशे रुपये गेले. सळईच्या धंद्यात टनामागे पाचशे-हजारांवर गिऱ्हाईक फिरतं, तिथं हा आकडा जीव घेणारा आहे. शेजारच्या राज्यात वीज स्वस्त झाली की इथल्या मालकाची झोप उडते, यात नाटक नाही. म्हणून २०१६ मध्ये राज्य सरकारनं विदर्भ, मराठवाडा आणि उत्तर महाराष्ट्रातल्या उद्योगांना वीजदरात सवलत जाहीर केली तेव्हा जालन्यात पेढे वाटले गेले. पुढे टीका सुरू झाली : मागास भागाच्या नावानं काढलेल्या सवलतीचा मोठा वाटा मोजके पोलाद कारखानेच घेतात. टीका खरी होती, पण ज्या उद्योगाचं पोट विजेवर आहे त्याला विजेची सवलत जास्त मिळणार, यात नवल कसलं? खरा प्रश्न पुढचा आहे. सवलत देताना सरकारनं त्या बदल्यात जिल्ह्यासाठी काय मागितलं?

कागदावर एक गोष्ट मागितली होती. सवलती घेणाऱ्या उद्योगांत पर्यवेक्षकाखालच्या ८० टक्के आणि पर्यवेक्षक पातळीवरच्या ५० टक्के जागा स्थानिकांना द्याव्यात, असा नियम राज्यात फार जुना आहे. २००८ मध्ये तो नव्यानं बजावला गेला. आता त्यातला 'स्थानिक' कोण ते बघा. पंधरा वर्षं महाराष्ट्रात राहिलेला. म्हणजे कोल्हापूरचा माणूसही जालन्यात स्थानिक. आणि ठेकेदाराकडून आलेल्या माणसाची मोजदाद कुठं होते, हे विचारायला कुणी गेटावर येत नाही.

भट्टीवर कोण असतं? बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, ओडिशातली तरुण पोरं. इथला माणूस वजनकाट्यावर, सिक्युरिटीत, कार्यालयात, ड्रायव्हर म्हणून, हमालीत. मालकांचं म्हणणं असं की इथली पोरं भट्टीवर टिकत नाहीत. हे मी तीस वर्षं ऐकतो आहे आणि त्यात तथ्य नाही असं म्हणणार नाही. शेतात कापूस वेचायला जायचं असलं की माणूस गैरहजर, लग्नसराई आली की गैरहजर, पोळ्याला तर विचारूच नका. गावापासून हजार किलोमीटरवर आलेला माणूस मात्र बारा तास उभा राहतो, खोलीवर जातो, झोपतो, परत येतो. त्याला गैरहजर राहायला इथं गावच नाही. कारखानदाराला हवा असतो तो हाच. याला कार्यक्षमता म्हणायचं तर म्हणा, मी त्याला माणसाची असहायता म्हणतो.

ती असहायता देशानं एकदाच पाहिली. टाळेबंदीत काम थांबलं, रेल्वे थांबली. ७ मे २०२० च्या संध्याकाळी मध्य प्रदेशातल्या शहडोल आणि उमरियाकडचे वीस मजूर जालन्याहून भुसावळच्या दिशेनं रुळांवरून चालत निघाले. रस्त्यानं गेलं तर पोलीस अडवतील, म्हणून रूळ. बदनापूर ओलांडलं, करमाडच्या अलीकडे पहाटे थकून तिथंच आडवे झाले. गाड्या बंद आहेत अशी त्यांची समजूत होती. सव्वापाचच्या सुमारास मालगाडी आली. सोळा जण गेले. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचं छायाचित्र साऱ्या देशात गेलं. जालन्यात त्या आठवड्यात जी चर्चा मी ऐकली ती मुख्यतः पास कुणी द्यायला हवा होता याची होती. ही माणसं इतकी वर्षं इथं राहून या गावात एकही असा माणूस नव्हता ज्याच्या घरी ते दोन दिवस थांबू शकले असते, हे मात्र कुणी बोललं नाही. मीही नाही.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये एमआयडीसीतल्या एका पोलाद कारखान्यात भट्टीचा स्फोट होऊन वीसहून जास्त कामगार भाजले. तेव्हाही दोन-तीन दिवस बातम्या आल्या, चौकशी जाहीर झाली. भंगारात बंद डबा किंवा ओल आली की वितळलेल्या रसात काय होतं, हे भट्टीवरचा कुठलाही पोरगा सांगेल. त्याआधी, २०२२ च्या ऑगस्टमध्ये, प्राप्तिकर खात्याचे लोक लग्नाच्या वऱ्हाडासारखे गाड्यांना वधू-वरांच्या नावाचे कागद चिकटवून जालन्यात आले आणि छाप्यांत पन्नास कोटींहून जास्त रोकड निघाली, ती मोजायला तेरा तास लागले. ती बातमी मात्र महिनाभर चघळली गेली. लोक हसत होते, पण त्या हसण्यात थोडा अभिमानही होता. आपल्या गावात इतका पैसा आहे!

आता राजकारण. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाच्या राज्यातून सुटला आणि १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्याआधी १९५३ च्या नागपूर करारात समतोल विकासाचं आश्वासन होतं. १९७४ मध्ये मराठवाडा विकास आंदोलन झालं. १९८३ मध्ये वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिनं 'अनुशेष' हा शब्द घराघरांत पोचवला : रस्ते किती कमी, सिंचन किती कमी, शाळा, दवाखाने, वीज, पाणी राज्याच्या सरासरीपेक्षा किती मागं. आकडा निघाला सुमारे ३,१८७ कोटी, त्यात मराठवाड्याचा वाटा पावभागाच्या आसपास. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळं आली, २०१३ मध्ये केळकर समितीचा अहवाल आला, २०२० च्या एप्रिलमध्ये मंडळांची मुदत संपली. मधल्या काळात मराठवाड्यात मंत्रिमंडळाच्या बैठका झाल्या, हजारो कोटींची पॅकेजं जाहीर झाली. त्यांच्या याद्या इथं देऊन वाचकाला कंटाळा आणत नाही.

दांडेकरांच्या कामाबद्दल मला आदर आहे. गाऱ्हाण्याला त्यांनी आकडा दिला. पण तो आकडा सरकार बांधू शकेल अशा वस्तूंचाच होता. किलोमीटर, हेक्टर, खाटा, खांब. रस्ता झाला की त्यावरून कोण कुठं जाणार, हे त्यात मोजता येत नव्हतं. इथल्या नेत्यांनी तीच मोजपट्टी उचलली आणि राजकारण म्हणजे प्रकल्प आणणं असं समीकरण होऊन बसलं. १९९९ पासून २०२४ पर्यंत रावसाहेब दानवे जालन्याचे खासदार होते, शेवटची तीन वर्षं रेल्वे राज्यमंत्री. त्यांच्या काळात आलेल्या गोष्टी खऱ्या आहेत, नाकारण्यात अर्थ नाही. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचा परिसर २०१८ मध्ये जालन्यात आला. २०१५ च्या डिसेंबरात ड्राय पोर्टचं भूमिपूजन झालं, पुढं त्याचं लॉजिस्टिक पार्क झालं. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेला. ३० डिसेंबर २०२३ ला जालना-मुंबई वंदे भारत सुटली. आणि २०२४ च्या जूनमध्ये दानवे काँग्रेसच्या कल्याण काळेंकडून हरले.

वंदे भारत सुटल्यानंतर पाच-सहा महिन्यांत. मला या निकालाचं आश्चर्य वाटलं नाही, पण धक्का बसला. कारण प्रकल्पांच्या राजकारणाला मतदारानं दिलेलं ते उत्तर होतं. आणि ते उत्तर एमआयडीसीत तयार झालेलं नव्हतं.

ते तयार झालं अंबड तालुक्यात, धुळे-सोलापूर महामार्गालगतच्या अंतरवाली सराटीत. २९ ऑगस्ट २०२३ ला मनोज जरांगे मराठा आरक्षणासाठी उपोषणाला बसले. १ सप्टेंबरला पोलिसांनी लाठीमार केला आणि एका रात्रीत गावाचं नाव राज्यभर झालं. त्यानंतर जे झालं ते ताजं आहे : निजामकालीन कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती, २०२४ च्या जानेवारीत वाशीपर्यंत गेलेला मोर्चा, फेब्रुवारीत मराठ्यांना १० टक्के आरक्षणाचा कायदा, मग २०२५ मध्ये आझाद मैदान आणि २ सप्टेंबरचा हैदराबाद गॅझेटचा शासन निर्णय. दुसऱ्या बाजूला १७ नोव्हेंबर २०२३ ला अंबडमध्येच छगन भुजबळांची ओबीसी सभा, आणि २०२४ च्या जूनमध्ये अंतरवालीपासून हाकेच्या अंतरावर वडीगोद्रीला लक्ष्मण हाकेंचं उपोषण. एकाच रस्त्यावर दोन मंडप. त्या दिवसांत मी त्या रस्त्यानं गेलो होतो. हॉटेलवाला कुठल्या समाजाचा, हे विचारून चहा पिणारी माणसं मी आयुष्यात पहिल्यांदा तिथं पाहिली.

अंबड, घनसावंगी हा भाग गोदावरीकाठचा, कालव्याचा, उसाचा, मोसंबीचा. म्हणजे जिल्ह्यातला तुलनेनं बरा. म्हणून काही अभ्यासक विचारतात, सधन भागात हे आंदोलन कसं? हा प्रश्न दुरून पडतो. आजोबांची चाळीस एकर, वडिलांची दहा, नातवाची अडीच. सातबाऱ्यावर नावांची रांग वाढत गेली. २०१२-१३ च्या दुष्काळात पंधरा-पंधरा वर्षांच्या मोसंबीच्या बागा लोकांनी स्वतःच्या हातानं तोडल्या. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालं, ते त्यानंतर. आणि पोरगा शिकला. बी.ए. झाला, डी.एड. झाला, आयटीआय झाला. शेतात त्याला जायचं नाही आणि बापालाही त्यानं यावंसं वाटत नाही. पोरीवाले विचारतात, 'नोकरी हाय का?' एमआयडीसीतली ठेक्यावरची नोकरी ते नोकरी धरत नाहीत. त्यात त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही.

म्हणजे तासाभराच्या अंतरावर देशभर सळई पाठवणारी वसाहत आहे, आणि तरी त्या पोराच्या हिशेबात ती कुठंच नाही. आंदोलनाच्या भाषणांत मी एमआयडीसीचा उल्लेख क्वचितच ऐकला. मागणी असते ती सरकारकडे, सरकारी जागांसाठी, ज्या दर वर्षी कमीच होत आहेत. एमआयडीसीच्या मालकांनाही त्यात गैर वाटत नाही. गर्दीचा रोख त्यांच्याकडे नाही हे त्यांना बरंच आहे. उद्योगानं जिल्ह्याकडून फक्त जागा घेतली, आणि आता जिल्हाही उद्योगाकडून काही मागत नाही. मराठवाड्याच्या मागासलेपणावर लिहिलेल्या अहवालांत या तुटलेपणाला रकाना नाही.

या साऱ्यात एक इतिहासाची गंमत आहे. ज्या निजामाच्या राज्यातून सुटल्याचा झेंडा आम्ही दर १७ सप्टेंबरला फडकवतो, त्याच राज्याच्या दफ्तरात आज आम्ही आपली ओळख शोधतो आहोत. तहसीलच्या खोलीत मोडी आणि उर्दू वाचू शकणारी म्हातारी माणसं शोधून आणली गेली. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांना, ज्यांची उर्दू शाळेत असताना सक्तीची होती आणि ज्यांनी ती आयुष्यभर लपवली, वयाच्या नव्वदीजवळ अचानक मान मिळाला. 'नोंद सापडली' हे दोन शब्द त्या वर्षात मी जितक्या वेळा ऐकले तितक्या वेळा 'पाऊस पडला' हेही ऐकले नसतील.

२०२४ च्या नोव्हेंबरात विधानसभेला जिल्ह्यातल्या पाचही जागा महायुतीनं जिंकल्या. घनसावंगीत राजेश टोपेही पडले. सहा महिन्यांत मत उलटलं असा अर्थ बहुतेकांनी काढला. मला तसं वाटत नाही. जूनमध्ये राग होता, नोव्हेंबरात लाडकी बहीण होती आणि जातींची दुसरी फळी जागी झाली होती. या तिन्हींतलं काहीही नोकरी नव्हतं.

संस्कृतीबद्दल थोडं. मुंबई-पुण्यात २०२५ च्या जूनमध्ये पहिलीपासून हिंदीच्या शासन निर्णयांवरून वाद पेटला आणि २९ जूनला सरकारनं ते निर्णय मागं घेतले. त्या आठवड्यात मी चंदनझिऱ्यात होतो. हा एमआयडीसीला लागून वाढलेला कामगारांचा भाग. तिथं हिंदी कुठल्याही शासन निर्णयानं आलेली नाही. भट्टीवरचा बिहारी, वजनकाट्यावरचा अंबडचा पोरगा, मारवाडी शेठ आणि दख्खनी बोलणारा ट्रकवाला, या चौघांना एकमेकांशी बोलायचं तर दुसरी भाषाच नाही. जालन्याची हिंदी तशीही निम्मी दख्खनी आहे, त्यात मराठीचे 'ना' आणि 'की' सुखानं नांदतात. मराठीला अभिजात दर्जा मिळाला ती ३ ऑक्टोबर २०२४ ची बातमी मी इथल्याच एका टपरीवर वाचली होती. टपरीवाला म्हणाला, 'अच्छा है. पगार बढ़ता क्या इससे?' तो मराठी होता.

मिसळणं या गावाला नवं नाही. धुळवडीला निघणारी हत्ती रिसाल्याची मिरवणूक शतकाहून जुनी आहे, हत्तीवरून रंग आणि रेवड्या उधळत ती पेठेतून फिरते, आणि तिच्यात कोण कुठल्या धर्माचा हे रंगात ओळखू येत नाही. समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब याच जिल्ह्यातलं. नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ 'बेथेल' नावाची ख्रिस्ती वसाहत वसवली. पण रिसाल्यात चंदनझिऱ्याचा माणूस मला अजून दिसलेला नाही. कदाचित त्या दिवशी त्याची पाळी असेल.

हवा-पाण्याचा विषय मोठा आहे, इथं दोनच वाक्यं. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात हवेचा दर्जा न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत महाराष्ट्रातली जी नावं आहेत त्यांत मुंबई-पुण्यासोबत जालना आहे, आणि पाण्यासाठी हे शहर पैठणच्या नाथसागरावर अवलंबून आहे, ज्यात वरच्या धरणांतून पाणी सोडायचं की नाही यावर दर तुटीच्या वर्षी कोर्टकचेरी होते. पाण्याचं दुसरं उत्तरही याच तालुक्यात आहे : खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या साथीनं कडवंचीनं पाणलोटाचं काम केलं आणि दुष्काळी गावात द्राक्षबागा उभ्या केल्या. तिथून कुणी भट्टीवर कामाला येत नाही आणि उपोषणाच्या मंडपातही तिथले पोरगे मला कमी दिसले. एका गावावरून सिद्धांत मांडू नये, पण नोंद करून ठेवतो. तशीच एक नोंद जालना बाजार समितीतल्या रेशीम कोषांच्या बाजाराची. २०१८ मध्ये तो सुरू झाला तेव्हा राज्यातला पहिला. आधी कोष घेऊन शेतकऱ्याला कर्नाटकात रामनगरला जावं लागे. आता तो सकाळी मोंढ्यात येतो आणि दुपारी पैसे घेऊन जातो. बियाण्यासारखाच हाही धंदा खेड्यात जाणारा. भट्टीच्या तुलनेत पैसा थोडा, पण तो अनेक घरांत जातो. सरकारच्या सवलतींचा हिशेब रुपयांमागे किती घरं या मापानं कधी केला, तर यादीचा क्रम उलटा लागेल अशी माझी अटकळ आहे.

गेल्या हिवाळ्यात एमआयडीसीतल्या एका वजनकाट्यावर तासभर बसलो होतो. काट्यावर अंबड तालुक्यातला सव्वीस-सत्तावीस वर्षांचा पोरगा होता. दोन एकर, दोघं भाऊ. पोलीस भरतीच्या दोन खेपा हुकलेल्या. आंदोलनात गेला होता का विचारलं तर हसला. 'वाशीपर्यंत गेल्तो काका. ट्रॅक्टरवर.'

'मग, नोंद सापडली?'

'पंजोबाची सापडली. प्रमाणपत्र बी आलं.' त्यानं मोबाइल काढून फोटो दाखवला. फोटोत प्रमाणपत्र पलंगावरच्या चादरीवर ठेवलेलं होतं, कोपऱ्यात कुणाचं तरी बोट आलं होतं.

'आणि इथं कायम व्हायचं काही?'

'इथं काय कायम व्हनार काका, ठेकेदारच दर वर्षाला बदलतो.' मागं भंगारानं भरलेला ट्रेलर येऊन थांबला होता. ड्रायव्हर उतरला, हिंदीत काहीतरी बोलला. पोरानं मोबाइल खिशात टाकला, खिडकीतून हात बाहेर काढून ट्रेलर थोडा पुढं घ्यायला लावला आणि काट्यावरचा आकडा वहीत लिहून घेतला.